वकिलांची मल्टिनॅशनल आणि मुंबईचं दार

अंबरनाथकरांना परदेशी कंपनी ही काही नवलाची गोष्ट नाही. १९२३ साली स्थापन झालेली विमको ही मुळात स्वीडिश मॅच या स्वीडनच्या कंपनीची इथली शाखा, आणि तिचा काडेपेट्यांचा कारखाना आमच्या अंबरनाथचा. शेजारच्या उल्हासनगरने तर 'मेड इन यूएसए'चा अर्थच बदलून टाकला (उल्हासनगर सिंधी असोसिएशन! हा विनोद न ऐकलेला माणूस कल्याण-कर्जत पट्ट्यात सापडणं कठीण). आणि आम्ही बदलापूरचे सॉफ्टवेअरवाले सकाळी लोकलला लटकून जातो, तेही कुठल्यातरी अमेरिकन नाहीतर युरोपियन क्लायंटच्याच कामाला.

म्हणजे काडेपेटी आली, कोला आला, बँका आल्या, सॉफ्टवेअर कंपन्या आल्या. एकच मंडळी दारात अडकली ती अडकलीच. परदेशी वकील! असं का झालं, ते बघूया या विकांताला.

सुरुवात न्यूयॉर्कपासून. १ मे १९०१ रोजी जस्टिन ड्यूप्रॅट व्हाइट आणि जॉर्ज केस या दोन तरुण वकिलांनी प्रत्येकी अडीचशे डॉलर घालून दुकान थाटलं. नाव अर्थातच व्हाइट अँड केस. नशीब असं, की हेन्री डेव्हिसन नावाच्या बँकरशी त्यांची ओळख होती. १९०३ मध्ये बँकर्स ट्रस्ट उभी राहिली आणि तिचं काम यांच्याकडे आलं. पहिल्या महायुद्धात जे. पी. मॉर्गनची पेढी दोस्त राष्ट्रांसाठी अमेरिकेत खरेदी करत होती, त्या व्यवहारांचं कायद्याचं कामही यांनी केलं. १९२६ मध्ये पॅरिसला ऑफिस. पुढे ब्रसेल्स, लंडन, आणि बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व युरोप. आज तीसेक देशांत चाळीसच्या वर ऑफिसं आहेत.

हे वाढण्याचं तंत्र आपल्या ओळखीचं आहे बरं का. क्लायंट जिथे जाईल तिथे मागोमाग जायचं. चांगल्या कॉलेजातून ताजी पोरं उचलायची, घासूनपुसून तयार करायची, काही वर्षांत वर चढला तर भागीदार, नाहीतर रामराम. (ही पद्धत न्यूयॉर्कच्याच पॉल क्रॅवथ या वकिलाच्या नावाने ओळखली जाते.) आणि बिल तासावर. टाइमशीट भरताना शिव्या घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की तिकडचे वकील तर सहा-सहा मिनिटांचा हिशोब लिहितात :)

आता मुंबई. आपल्याकडे लॉ फर्म नव्हत्या असं मुळीच नाही. क्रॉफर्ड बेली १८३० ची, लिटल अँड कंपनी १८५६ ची. म्हणजे या दोघी व्हाइट अँड केसपेक्षा वयाने कितीतरी मोठ्या. अमरचंद मंगलदास १९१७ ची. मग फोर्टातल्या या पेढ्या जगभर का नाही पसरल्या?

भांडवल, साम्राज्य वगैरे मोठी कारणं आहेतच, पण एक अगदी साधं कारण कायद्यातच होतं. १९५६ च्या कंपनी कायद्याप्रमाणे वीसपेक्षा जास्त जणांनी एकत्र येऊन धंदा करायचा तर कंपनी नोंदवावी लागे, आणि वकिलांना कंपनी काढून वकिली करता येत नाही. म्हणजे भागीदार फार तर वीस! त्यात बार कौन्सिलच्या नियमांनी जाहिरातीला बंदी. वेबसाइटवर चार ओळींची माहिती टाकायची मुभासुद्धा २००८ मध्ये मिळाली. त्याच साली एलएलपीचा कायदा झाला आणि विसाची मर्यादा सुटली. तोवर पेढी म्हणजे घराणं असाच मामला. अमरचंदची २०१५ मध्ये दोन भावांत वाटणी झाली, एक मुंबईत आणि एक दिल्लीत, तेव्हा ती बातमी एखाद्या वाड्याच्या वाटणीसारखीच वाचली गेली.

१९९१ नंतर चित्र बदललं. परदेशी पैसा येऊ लागला. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आठवतो ना? वीज गुहागरची, घेणार आपलं वीज मंडळ, आणि भांडण झालंच तर लवाद लंडनला. असे करार लिहायला जगभर फिरलेले वकील लागतात. व्हाइट अँड केस, चॅडबर्न अँड पार्क आणि अ‍ॅशर्स्ट या तीन फर्मनी रिझर्व्ह बँकेकडून फेरा कायद्याखाली परवानगी घेतली आणि भारतात 'लायझन ऑफिस' उघडली. लायझन म्हणजे नुसता संपर्क, धंदा नाही. निदान कागदावर तरी.

१९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली. कोणाची? बड्या पेढ्यांची नाही, तर लॉयर्स कलेक्टिव्हची. इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर यांनी १९८१ मध्ये सुरू केलेली, गरिबांचे आणि हक्कांचे खटले लढणारी ही संस्था. मुद्दा एका शब्दाचा होता. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम २९ नुसार 'वकिली' फक्त अ‍ॅडव्होकेटने करायची. पण वकिली म्हणजे काय? परदेशी फर्मचं म्हणणं, की कोर्टात उभं राहणं म्हणजे वकिली. आम्ही कोर्टाची पायरीही चढत नाही, नुसता सल्ला देतो, करार लिहितो.

निकाल लागला १६ डिसेंबर २००९ ला. चौदा वर्षांनी! रामाचा वनवास संपतो तेवढ्या काळात एका शब्दाचा अर्थ ठरला. मुख्य न्यायमूर्ती स्वतंतर कुमार आणि न्या. देवधर यांनी सांगितलं, की कोर्टाबाहेरचा सल्ला आणि मसुदा हीसुद्धा वकिलीच, आणि रिझर्व्ह बँकेने परवानगी द्यायला नको होती.

दरम्यान काम थांबलं होतं का? छे! भारताचे सौदे लंडन आणि सिंगापूरला बसून होत होते. आणि उलट्या दिशेने गंमत सुरू झाली. २००४ मध्ये पँजिया३ सारखी कंपनी निघाली आणि अमेरिकन खटल्यांची कागदपत्रं मुंबईत बसून वाचली जाऊ लागली. आपण कोड लिहितो तसंच हे. म्हणजे परदेशी वकील इथे नको, पण त्यांचं हमालीचं काम चालेल! निशीथ देसाईंसारख्या मुंबईच्या फर्मनी मात्र सिलिकॉन व्हॅली, सिंगापूरपर्यंत मजल मारली, हेही सांगायला हवं.

मग मद्रासला ए. के. बालाजी यांची याचिका, तिचा २०१२ चा निकाल, आणि शेवटी १३ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालय. न्या. गोयल आणि आपले न्या. उदय लळीत यांनी मधली वाट काढली. ऑफिस थाटायचं नाही, पण अधूनमधून विमानाने येऊन आपल्या क्लायंटला परदेशी कायद्याचा सल्ला देऊन परत जाता येईल. मार्च २०२३ मध्ये बार कौन्सिलने स्वतःच नियम काढून दार किलकिलं केलं आणि मे २०२५ मध्ये ते सुधारले. नोंदणी करा, परदेशी कायदा आणि आंतरराष्ट्रीय लवादाचं काम करा, तेही तुमच्या देशात आमच्या वकिलांना तशीच वागणूक मिळत असेल तर. कोर्टात मनाई. आणि जमिनीच्या मालकीचा शोध, खरेदीखत वगैरेलाही मनाई.

ही शेवटची ओळ वाचून मला हसू आलं. उल्हासनगर १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीतून शहर झालं. तिथली एखादी जुनी सनद उलगडून दाखवायला न्यूयॉर्कचा कोण येतोय! ते काम आपल्या कल्याण-उल्हासनगरच्या वकिलाचंच राहणार, आणि ते काही कमी अवघड नाही.

मग प्रश्न कोणाचा आहे? मला वाटतं, बदलापूरहून ट्रेनने लॉ कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींचा. आपल्या धंद्यात दार उघडं होतं म्हणून आपल्यासारखी, कोणी काका-मामा ओळखीचे नसलेली पोरं आत शिरली. वकिलीत दार बंद ठेवून लहान वकील जगला म्हणतात, पण त्याच बंद दाराआड घराणीही सुखाने जगलीच ना? लॉयर्स कलेक्टिव्हने विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. कायदा सगळ्यांना सारखाच लागू हवा, गोऱ्या फर्मलाही. पण नियम पाळून दार उघडल्यावर आत कोणाला घेणार, आडनाव बघून की काम बघून, हा पुढचा प्रश्न कोणत्याही कोर्टासमोर आलेला नाही.

असो. तुमच्या ओळखीत कोणी एलएलबीला असेल तर त्याला एकदा विचारा, त्याला कुठे जायचंय ते. क्रॉफर्ड बेली, व्हाइट अँड केस, की कल्याण कोर्ट? उत्तर कळवा, वाचायला आवडेल.