संमतिपत्राची कुळकथा

वैद्यकीय प्रयोगात सहभागी होणाऱ्यांना संरक्षण मिळालं ते न्यूरेम्बर्गमुळे, असं सर्रास सांगितलं जातं. नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल ऑगस्ट १९४७ मध्ये लागला आणि त्यातल्या दहा कलमांपैकी पहिलंच स्वेच्छेच्या संमतीचं होतं, हे खरं. पण या संमतीचं कूळ जुनं आहे, आणि तेही जर्मनच. ब्रेस्लाऊचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट नायसर यांनी उपदंशाच्या रुग्णांच्या रक्तातला द्रव काही स्त्रियांना न विचारता टोचला होता. नायसर यांना दंड झाला आणि डिसेंबर १९०० मध्ये प्रशियाच्या मंत्र्यांनी आदेश काढला: संभाव्य दुष्परिणाम समजावून स्पष्ट संमती घेतल्याखेरीज निव्वळ संशोधनासाठी कुणावर प्रयोग करू नयेत. १९३१ साली जर्मनीत याहून तपशीलवार नियम आले. छळछावण्यांतल्या डॉक्टरांना त्यांनी तसूभरही अडवलं नाही. नियम पाळला जातोय का, हे बघणारं बाहेरचं कुणी नव्हतंच.

सही असली म्हणजे भागलं, असंही नाही. त्याच १९०० साली हवानाजवळ वॉल्टर रीड यांनी पीतज्वराच्या प्रयोगासाठी स्पॅनिश स्थलांतरितांशी लेखी करार केले. शंभर डॉलर सोन्यात, ताप आलाच तर आणखी शंभर. छावणीची हद्द ओलांडली तर सगळ्यावर पाणी. शिवाय या बेटावर राहून हा ताप टाळणं अशक्यच, असंही त्यात लिहिलेलं. त्या काळाच्या मानाने करार प्रामाणिक होता, पण धोका सांगता सांगता तो माणसाला पटवतही होता. न्यूरेम्बर्गचा निकाल देणारे न्यायाधीश अमेरिकन होते. तरी अमेरिकेच्याच सार्वजनिक आरोग्य खात्याने टस्कीगीत उपदंशाच्या ३९९ कृष्णवर्णीय रुग्णांना १९३२ पासून अंधारात ठेवलं, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्राने बिंग फोडलं, तेव्हा कुठे १९७४ च्या कायद्याने परीक्षण समित्या बंधनकारक झाल्या. खरं संरक्षण सुरू होतं ते इथून, असं माझं मत.

यावर आक्षेप ठरलेला: इतकी बंधनं घातली तर नवी औषधं येणार कशी? आक्षेप पोकळ नाही. औषधचाचण्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयात झालेल्या याचिकेनंतर २०१३ मध्ये भारतात भरपाईचे आणि संमतीच्या चित्रीकरणाचे नियम आले, आणि चाचण्या रोडावल्या. पण पुढे चित्रीकरणाची सक्ती मोजक्या चाचण्यांपुरती ठेवली गेली, २०१९ च्या नियमांनी परवानगीला मुदती घातल्या, आणि भरपाई मात्र कायम राहिली. म्हणजे काच सैल करता येतो, त्यासाठी कवच काढावं लागत नाही. २०१९ च्याच नियमांनुसार चाचण्यांचं परीक्षण करणाऱ्या नीतिसमितीत किमान सात जण लागतात आणि त्यातले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. चाचणीच्या कागदावर सही करायची वेळ आलीच, तर त्या समितीशी संपर्क कसा साधायचा ते आधी विचारा आणि कागदाची प्रत हक्काने मागून घ्या.