हळदीचा डबा आणि हरिपूरची पेवं

मंडळी, आज नगरपालिका नाही, पाणीपट्टी नाही, खड्डेसुद्धा नाहीत. आज हळद. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

झालं असं की, गेल्या आठवड्यात आईनं मिसळणाचा डबा माझ्यापुढं आदळला. म्हणाली, "ही कसली रे हळद आणलीस? नुसता रंग. वासच नाही." मी म्हटलं, पाकिटावर तर शुद्ध लिहिलंय. ती म्हणाली, "लिहायला काय जातंय?" मग एका ग्लासात पाणी घेऊन त्यात चमचाभर हळद टाकली. चांगली हळद हळूहळू तळाला बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. आमचं पाणी गडद पिवळंच राहिलं. पाकीट कुठलं ते सांगत नाही. घरच्या एका ग्लासावरून कुणावर आरोप करणं बरं नव्हे, तो प्रयोगशाळेचा प्रांत आहे. पण सांगली जिल्ह्यात राहून आपण असली हळद खातोय, हे मनाला लागलं. म्हणून हा सगळा इतिहास काढला.

आपल्या फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, हळद हे चौघं ठरलेले. तिखटाची मिरची तशी पाहुणी. ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेकडून आली, त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी. हळद मात्र इथलीच. हरियाणातल्या फरमाणा इथं हडप्पा काळातली वस्ती सापडली. तिथल्या भांड्यावर आणि माणसांच्या दातांवर संशोधकांना हळद आणि आल्याचे सूक्ष्म अंश मिळाले. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी चुलीवर हळद घालून काहीतरी शिजवत होतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग? बिनहळदीचं कसं खातील?"

हळदीचं एक वैशिष्ट्य असं, की तिला रुजणारं बी धरत नाही. गड्डा जपून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी तोच लावायचा. म्हणजे आज शेतात जी हळद आहे, ती माणसानं पिढ्यानपिढ्या हातानं पुढं चालवत आणलेली आहे. मध्ये कुणी हात सोडला असता तर ती संपली असती. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता आपल्याकडं येऊ. अक्षय तृतीयेच्या सुमाराला लागण, आठ-नऊ महिन्यांनी काढणी, मग शिजवणं, उन्हात वाळवणं, पॉलिश. एवढं झालं की हळकुंड तयार. पण अडचण इथूनच सुरू होते. पीक सगळ्यांचं एकाच हंगामात येतं, दर पडतो आणि माल घरात ठेवला तर त्याला कीड लागते. शीतगृहं नव्हती तेव्हा काय करायचं? उत्तर आपल्या पायाखाली होतं. पेव.

एखाद्या गोष्टीचं 'पेव फुटलं' असं आपण रोज म्हणतो. ते पेव म्हणजे हेच, जमिनीतलं कोठार. पूर्वी ज्वारीची पेवं गावोगाव होती. पण हळदीची पेवं म्हटलं की सांगलीजवळचं हरिपूर. कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं, संगमेश्वराचं हरिपूर. 'शारदा' नाटक लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं हरिपूर. तिथली माती अशी घट्ट की खोल खणलं तरी भिंत ढासळत नाही. तोंड अरुंद, जेमतेम माणूस उतरेल एवढं. आत मात्र रांजणासारखं पोट. तळाला आणि कडेनं पाला-पाचोळा, चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं.

यात जादू काही नाही. तोंड बंद झालं की आतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. अशा हवेत कीड जगत नाही. आज बाजारात हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांचं तत्त्व नेमकं हेच. फरक एवढाच की पेवाला वीज लागत नव्हती. वर्षानुवर्षं हळद आत राहायची आणि शेतकरी किंवा व्यापारी दर येईपर्यंत थांबू शकायचा. थांबता येणं ही शेतमालाच्या बाजारात केवढी मोठी ताकद आहे, हे ज्यानं पडत्या दरात माल विकलाय त्याला विचारा.

पेव उघडणं हे जोखमीचं काम. जी हवा किडीला मारते, ती माणसालाही सोडत नाही. म्हणून आधी तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं. मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. कंदील जळत राहिला तरच माणूस आत. हे कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं. बापानं पोराला पेवाच्या तोंडाशी उभं करून शिकवलं.

मग आलं 2005. मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच एका छोट्या दैनिकात लागलो होतो. जुलै संपता संपता कृष्णेनं काठ सोडला. आम्ही बातम्या दिल्या त्या पाण्याच्या पातळीच्या, अडकलेल्या माणसांच्या, बोटींच्या. ते बरोबरच होतं. पण पाणी नुसतं घरांत नव्हतं शिरलं, पेवांतही शिरलं होतं. ओसरल्यावर त्या बाजूला गेलो तर कुजलेल्या हळदीचा वास. आपल्याला हळदीचा वास मंगल वाटतो ना? तो वास तसा नव्हता. एक म्हातारे गृहस्थ पेवाच्या कडेला बसले होते. मी वही काढून विचारलं, "किती नुकसान झालं, काका?" ते म्हणाले, "हळदीचं सांगू का पेवाचं? हळद पुढच्या साली येईल."

मी वहीत फक्त हळदीचं नुकसान लिहिलं. बातमी छापून आली, चार ओळी. आज इतक्या वर्षांनी सांगतो, त्या दिवशी खरी बातमी मला कळलीच नाही.

त्या पुरानं असंख्य पेवं निकामी झाली. मग शीतगृहं आणि गोदामं आली, माल तिकडं गेला. 2019 ला तर पाणी 2005 पेक्षाही वर चढलं. पेवांचं जे थोडंफार उरलं होतं, त्याकडं परत वळून बघायचं कारणच राहिलं नाही. शीतगृहाला माझा विरोध नाही. ते सोयीचं आहे आणि कुणाचा जीव धोक्यात घालावा लागत नाही. पण त्याचं भाडं भरावं लागतं.

आता एक वेगळी गोष्ट, पण जोडलेली. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं. कशाचं? जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं! बोट कापलं की आई जे करते त्याचं पेटंट. आपल्या सीएसआयआर या संस्थेनं त्याला आव्हान दिलं. तेव्हा संस्थेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. पण तिथं 'आमची आजी हे करायची' हे चालत नव्हतं. परदेशातलं ज्ञान छापील स्वरूपात दाखवावं लागत होतं. मग जुने ग्रंथ धुंडाळले, 1953 सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख शोधला, असे 32 संदर्भ पुढं ठेवले. 1997 साली पेटंट रद्द झालं. पुढं 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाची नोंद ठेवणारं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं, ते याच धड्यातून.

म्हणजे बघा, हळद वाचली कारण कुणीतरी ती लिहून ठेवली होती. पेवाचं ज्ञान मात्र बहुतेक हातांत होतं. माती कशी ओळखायची, किती खणायचं, पाला कुठला आणि किती जाड, लिंपण कसं करायचं. हे करणारे हात आता सत्तरी-ऐंशीत आहेत. हळदीच्या गड्ड्यासारखंच आहे हे. एका पिढीनं पुढं लावलं नाही तर संपलं.

2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण पेढे वाटले, बातम्या केल्या, मीही केल्या. राष्ट्रीय हळद मंडळ 2025 मध्ये निजामाबादला सुरू झालं. आपल्याकडं कसबे डिग्रजला हळद संशोधन केंद्र आहे. हे सगळं असताना एक तरी पेव नीट करून, कठडा बांधून, माहितीफलक लावून जपता येणार नाही? शाळेची सहल संगमावर येते, पोरं भेळ खाऊन परत जातात. त्यांना एवढं तरी दाखवू.

म्हणून तीन विनंत्या. एक, ज्यांच्या घरात पेवाचे जुने फोटो, हिशेबाच्या वह्या, पावत्या असतील त्यांनी मला कळवा, येऊन फोटो काढून नेतो, मूळ कागद तुमच्याकडंच राहतील. दोन, पेवात उतरलेलं कुणी घरात असेल तर आजच त्यांच्यासमोर मोबाईल धरा आणि बोलतं करा. तीन, लोकप्रतिनिधींनी ही पोस्ट वाचली असेल तर नुसता अंगठा दाबू नये, जागा बघायला यावं. मी सोबत येतो.

आणि घरचं सांगायचं तर, रविवारी बाजारातून किलोभर हळकुंडं आणली. आईनं एक मोडून बघितलं, वास घेतला, काही बोलली नाही. गिरणीतून दळून आणली. संध्याकाळच्या आमटीला ती घातली. दुकानातलं पाकीट अजून कपाटावर आहे, ते मी अन्न व औषध प्रशासनाकडं तपासायला देणार आहे. अहवाल आला की इथंच टाकतो.