गुरांनी टाकलेले गवत

आमच्या शाळेमागील टेकडीवर समपातळी चर खणले, तेव्हा त्यांच्या कडेस पेरावयाचे बी मुलांकडून मीच गोळा करविले. गायरानात जे विपुल, तेच त्यांनी आणले. दोन पावसाळ्यांत टेकडी झाकली. पण सगळी कुसळी! एका वृद्ध धनगराने विचारले, “गुरुजी, जनावरांनी टाकल्यालं तेवढंच येचलंत व्हय?”

आपल्या माळांचा सारा इतिहास त्या प्रश्नात आहे. दाबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातील गवताळ प्रदेशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मते दख्खनवर मूळचे राज्य पवना आणि मारवेल यांच्या कुळांचे. गुरे गोड तेच आधी खातात. त्याला बी धरावयास सवड मिळत नाही. रिकाम्या जागी कुसळी येते, आणि चराई वाढतच गेली की तीही जाऊन हलकी, हंगामी गवते उरतात. कुसळी कोवळेपणी गुरे खातात, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पुढे मात्र तिची कुसळे मेंढीच्या कातडीत रुततात. माती तीही धरते. म्हणूनच माझ्यासारखा फसतो.

झाशीला १९६२ साली गवत व चारा संशोधन संस्था निघाली. तेथेही रानोमाळचे नमुने जमवूनच निवड करावी लागते. मग नमुना घ्यावा कोठून? म्हाताऱ्याने मला निवडुंगाच्या जाळीपाशी नेले. जनावराचे तोंड न पोहोचणाऱ्या त्या जागी पवन्याचे चार ठोंब उभे होते. मूठभर बी निघाले. यंदा पहिला चर त्याला दिला आहे.