उभं राहायचं की बसायचं?

इंग्लंडमधल्या कुठल्याही मोठ्या फुटबॉल क्लबच्या मैदानाची नियमावली काढून पाहा. बाटल्या आणू नका, फटाके आणू नका, यांच्या जोडीला एक नियम हमखास असतो: खेळ चालू असताना बसायच्या जागी उभं राहायचं नाही. आपल्याकडे "ए, खाली बस!" ही ओरड मागच्या रांगेतून येते, ती कोणी नियम म्हणून छापत नाही. इथे मात्र या एका नियमामागे कायदा आहे, न्यायाधीशाचा अहवाल आहे आणि ९७ माणसांचे मृत्यू आहेत. आणि एवढं सगळं असूनही निम्मे लोक तो सर्रास मोडतात! हे असं का, ते समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल.

फुटबॉल हा इथे गिरणी, गोदी आणि खाणकामगारांचा खेळ. शनिवारी दुपारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की मंडळी थेट मैदानावर. बसायला खुर्ची ही पैसेवाल्यांची चैन होती. बाकी सगळे 'टेरेस'वर. टेरेस म्हणजे आपली गच्ची नव्हे. मातीचा किंवा राखेचा उतार करून त्यावर पायऱ्या काढायच्या आणि त्यावर हजारो लोकांनी उभं राहायचं, हे ते टेरेस.

यातलं सर्वांत नामांकित टेरेस लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावरचं. नाव 'द स्पायन कॉप', लाडाने नुसतं 'कॉप'. हे नाव आलं दक्षिण आफ्रिकेतून. स्पायन कॉप ही नाताळमधली एक टेकडी. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथे इंग्रजांचा मोठा पराभव झाला आणि मेलेल्या सैनिकांत लँकेशायरच्या पलटणींतले बरेच होते. १९०६ साली ॲनफील्डवर उंच उतार बांधला गेला, तेव्हा एका स्थानिक पत्रकाराने त्याला त्या टेकडीचं नाव सुचवलं. आपल्याला माहीत असायला हवी अशी गोष्ट म्हणजे त्याच लढाईत जखमींना डोलीत घालून मैलोन् मैल वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात मोहनदास गांधी होते. म्हणजे फुटबॉलच्या या पंढरीच्या नावात एका टेकडीवरच्या मेलेल्यांची आठवण आहे. पुढे घडलेलं वाचताना हे लक्षात राहू द्या.

या कॉपवर एके काळी पंचवीस-तीस हजार माणसं उभी राहत. एवढी माणसं खेटून उभी राहायची तर काही रीतभात लागतेच. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटचे, दारात कोणी उभं राहायचं याचे जसे कुठेही न लिहिलेले नियम असतात, तसे इथेही होते. माझ्याबरोबर काम केलेल्या एका वयस्क सहकाऱ्याने ते मला शिकवल्यासारखे सांगितले होते. लहान मूल मागे अडकलं तर त्याला डोक्यांवरून हातोहात पुढे पाठवायचं, म्हणजे त्याला खेळ दिसतो. कोणाला भोवळ आली तर त्यालाही तसंच खाली, प्रथमोपचारवाल्यांकडे उतरवायचं. वर्षानुवर्षं एकाच कठड्यापाशी उभ्या राहणाऱ्याची जागा घ्यायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, लोखंडी कठडा आपल्या पाठीशी ठेवायचा, पोटाशी कधीच नाही. गोल झाला की मागून लाट येते. कठडा पाठीशी असेल तर लाट तो अडवतो, पोटाशी असेल तर तुम्ही त्याच्यावर चिरडले जाता.

हे कठडे म्हणजे इंजिनियरिंगचाच भाग. ५ एप्रिल १९०२ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामन्यात लाकडी टेरेस मोडून पडलं आणि २५ माणसं गेली. ते मैदान बांधणारा आर्किबाल्ड लीच नावाचा इंजिनियर. त्याने त्यानंतर लाकडी सांगाड्यांऐवजी भक्कम भरावावर टेरेस बांधायचा आणि गर्दीचा दाब तोडायला ठरावीक अंतरावर कठडे लावायचा रस्ता धरला. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत ब्रिटनमधली बरीच मोठी मैदानं त्याच्याच हातची.

तरी माणसं मरत राहिली. १९४६ मध्ये बोल्टनला ३३, १९७१ मध्ये पुन्हा आयब्रॉक्सवर, या वेळी जिन्यावर, ६६. प्रत्येक वेळी चौकशी झाली. १९७५ साली कायदा आला, मैदानांना सुरक्षेचं प्रमाणपत्र घेणं भाग पडलं, दहा चौरस मीटरमध्ये जास्तीत जास्त किती माणसं उभी करावीत याचे आकडे आले. कागदावर सगळं ठीक होतं.

पण सत्तरच्या दशकात प्रश्नच बदलला. मैदानांवर मारामाऱ्या वाढल्या. टेरेस म्हणजे काही सगळी बंधुभावाची जागा नव्हती, हेही सांगायला हवं. आपल्यासारख्या रंगाच्या माणसाला तिथे काय काय ऐकावं लागे ते जुनी देशी मंडळी अजून सांगतात. वंशद्वेष्ट्या संघटना काही मैदानांच्या दारात आपली पत्रकं विकत. तर या दंगेखोरांना आवरायचं कसं? उत्तर निघालं: जाळ्या. मैदानात कोणी उतरू नये म्हणून पुढे उंच जाळी. गट एकमेकांत मिसळू नयेत म्हणून टेरेसचे आडवे भाग पाडून मध्येही जाळ्या. या भागांना नावच होतं 'पेन', म्हणजे गुरांचा कोंडवाडा.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी गोम इथे आहे. उघड्या टेरेसवर गर्दी पाण्यासारखी वागते. मध्ये दाटी झाली की माणसं आपोआप बाजूला सरकतात. हीच ती जुनी रीतभात, "जरा सरका हो!" मधोमध जाळ्या घातल्या की सरकायची वाट बंद. गर्दीचं वागणं तेच, भांडं मात्र बदललं.

१५ एप्रिल १९८९. शेफील्डचं हिल्सबरो मैदान. एफए कपचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या लोकांना लेपिंग्ज लेन बाजूचं टेरेस दिलं होतं. उभ्या राहणाऱ्या १०,१०० लोकांसाठी आत शिरायला फिरती फाटकं फक्त सात! हिशोब तुम्हीच करा. खेळ तीनला सुरू होणार, अडीचनंतर बाहेर चेंगराचेंगरी होऊ लागली. २:५२ ला पोलिसांनी बाहेर जायचं एक मोठं दार उघडलं आणि सुमारे दोन हजार माणसं आत आली. समोरच एक उताराचा बोगदा होता. तो थेट मधल्या दोन पेनमध्ये उतरत होता. ती आधीच भरली होती. बाजूच्या पेनमध्ये जागा होती, पण बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून "इकडून नका, तिकडून जा" असं सांगायला कोणी नव्हतं. मधल्या दोन पेनमध्ये जेमतेम सोळाशे माणसं मावायची, तिथे तीन हजारांवर कोंबली गेली. एक कठडा मोडला. ३:०६ ला खेळ थांबवला.

कोणत्या पेनमध्ये किती माणसं गेली हे मोजायची सोयच नव्हती. फाटकांवर फक्त एकूण आकडा कळे. आणि पोलिसांची पद्धत अशी होती की टेरेसवर लोक 'आपली पातळी आपण शोधतात', त्यांना वाटून द्यावं लागत नाही. वाक्य खरंच होतं, जाळ्या यायच्या आधी! आपणच जाळ्या घालून सरकायची वाट बंद करायची आणि लोक सरकतील या भरवशावर राहायचं. इंजिनियर म्हणून हे वाचताना पोटात गोळा येतो. १९८१ साली याच टेरेसवर एका सामन्यात चेंगराचेंगरी होऊन ३८ जण जखमी झाले होते. त्यानंतर आणखी जाळ्या घातल्या, पण १९७९ च्या प्रमाणपत्रातला आकडा कोणी बदलला नाही.

त्या दिवशीही जुनी रीतभात जिवंत होती. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी हात खाली सोडून खालच्यांना वर ओढून घेतलं. मैदानात पोचलेल्यांनी जाहिरातींच्या फळ्या उपटून त्यांच्या डोल्या केल्या आणि जखमींना धावत नेलं. (स्पायन कॉपच्या डोल्या आठवल्या का?) आणि चारच दिवसांनी 'द सन' या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापलं की याच लोकांनी मेलेल्यांचे खिसे मारले. मथळा होता 'सत्य'. लिव्हरपूलमधले कितीतरी लोक आजही तो पेपर हातात धरत नाहीत.

न्यायमूर्ती टेलर यांनी चौकशी केली. ऑगस्ट १९८९ च्या पहिल्या अहवालात त्यांनी स्पष्ट सांगितलं की मुख्य कारण पोलिसांचं गर्दीवरचं नियंत्रण सुटणं हे होतं. जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालात त्यांनी सगळ्या मोठ्या मैदानांवर खुर्च्या घालाव्यात अशी शिफारस केली. गंमत अशी की उभं राहणं हे मुळातच धोक्याचं आहे असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. खुर्च्यांचा त्यांना दिसलेला मोठा फायदा म्हणजे प्रत्येकाला आपली ठरलेली जागा मिळते आणि माणसं मोजता येतात. आयब्रॉक्सवर खुर्ची सहा पौंडांत मिळते, तेव्हा तिकिटं फार महाग व्हायचं कारण नाही, असाही त्यांचा हिशोब होता. तो किती चुकला ते इथे तिकीट काढणाऱ्या कोणालाही विचारा.

जाळ्या निघाल्या. वरच्या दोन विभागांतल्या क्लबांना खुर्च्या सक्तीच्या झाल्या, मुदत ऑगस्ट १९९४. कॉपवर उभं राहून पाहिलेला शेवटचा सामना ३० एप्रिल १९९४ चा. नॉर्विचने तो १-० असा जिंकला. पंचवीस हजारांच्या जागी साडेबारा हजारांच्या आसपास खुर्च्या आल्या. बायका, म्हातारी माणसं, मुलं आणि आपल्यासारखे परदेशी मैदानावर निर्धास्त येऊ लागले, हे खुर्च्यांचं श्रेय नाकारता येणार नाही.

पण खुर्ची घातली म्हणून माणूस बसतोच असं नाही! पाहुण्या संघाचे पाठीराखे तर नव्वद मिनिटं उभेच. घरच्या संघाच्या गोलपोस्टमागची मंडळीही तशीच. मग नवी भांडणं सुरू झाली. पुढचा उभा राहिला की मागच्याला राहावंच लागतं. मागच्याच्या पुढे आठ वर्षांची मुलगी असेल तर तिला फक्त कोटांच्या पाठी दिसतात. व्हीलचेअरवरच्या माणसाचा तर खेळच बंद. आणि गुडघ्याएवढ्या खुर्चीच्या पाठीवरून माणूस पुढच्या रांगेत कोलमडतो तो वेगळाच. टेरेसचे नियम सगळ्यांना पाठ होते. इथे 'बसायचा हक्क' आणि 'उभं राहायचा हक्क' समोरासमोर आले आणि निवाडा करायला पिवळ्या जाकिटातला एक बिचारा पोरगा.

उपाय जर्मनीत होता. तिथे उभं राहायच्या जागा कधी गेल्याच नाहीत. डॉर्टमुंडच्या एका बाजूला जवळपास पंचवीस हजार माणसं उभी राहतात. तिकडच्या काही मैदानांवर प्रत्येक रांगेत कमरेएवढा लोखंडी कठडा आणि त्यात दुमडता येणारी खुर्ची अशी सोय आहे. म्हणजे लीचचा कठडा, पण दर रांगेला एक! ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने २०१६ मध्ये ती बसवली, कारण इंग्लंडचा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता.

इंग्लंडमध्ये मात्र ही चर्चा लिव्हरपूलशी येऊन थांबायची. हिल्सबरोत मुलं गमावलेल्या काही आईबापांना 'उभं राहणं' हे शब्दच नको होते. त्यांना कोणी काय सांगणार? उलट काही कुटुंबं आणि त्या पेनमधून वाचलेले काही जण म्हणत, आमची माणसं उभी होती म्हणून मेली असं म्हणणं म्हणजे पुन्हा त्यांच्यावरच ठपका ठेवणं. या दुसऱ्या म्हणण्याला बळ मिळालं ते उशिरा. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागद उघडे केले, तेव्हा पोलिसांचे १६४ जबाब बदलल्याचं बाहेर आलं. एप्रिल २०१६ मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदेशीर मनुष्यवधाचे ठरवले आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात काहीही दोष नव्हता असं सांगितलं. सत्तावीस वर्षं लागली. वर्षभराने लिव्हरपूलच्या समर्थकांच्या संघटनेने मत घेतलं, तेव्हा कठड्याच्या खुर्च्यांच्या बाजूने मोठं बहुमत पडलं. २०२१ मध्ये त्या खुद्द कॉपवर बसल्या. त्याच वर्षी हिल्सबरोत जायबंदी झालेल्या एकाचा मृत्यू झाला आणि ९६ चा आकडा ९७ झाला.

जानेवारी २०२२ मध्ये पाच क्लबांत परवान्याने उभं राहण्याचा प्रयोग झाला आणि त्याच वर्षीच्या नव्या हंगामापासून वरच्या दोन विभागांतल्या मैदानांना तशी परवानगी मिळू लागली. अट मुख्यतः एक: एका खुर्चीमागे एकच माणूस. बाकी भागात जुना नियम कायम, बसायचं. मध्ये जाळी कुठेच नाही.

तुम्ही कधी इकडे आलात आणि सामन्याला गेलात तर तिकिटावर उभं राहायचा भाग लिहिलाय का ते आधी बघा. लिहिला असेल तर लहान मुलांना आणि आजीआजोबांना तिथे नेऊ नका, नव्वद मिनिटं कोणी बसणार नाही. बसायच्या भागात असाल तर गोलच्या वेळी खुशाल उठा, सगळेच उठतात, पण मागे कोण आहे ते एकदा वळून बघा आणि परत बसा. आणि कुठेही असलात तरी आत शिरल्यावर बाहेर पडायच्या वाटा पाहून ठेवा. २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर जे झालं, त्यानंतर हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. तिथेही आधी दोष गर्दीलाच दिला गेला होता. जिना किती रुंद होता आणि त्यावर एका वेळी किती माणसं येत होती, हे प्रश्न मागाहून आले.