दख्खनांतील मोहरम : शोक कीं निषेध ?

शिया पंथांतील मोहरमाचा शोक म्हणजे अन्यायी राजसत्तेविरुद्धचा निषेध होय, असें अलीकडे सरसकट लिहिलें जातें. इ. स. १९७८ च्या डिसेंबरांत तेहरान शहरीं आशूऱ्याच्या मिरवणुकी शहाविरुद्ध निघाल्या आणि दोन-तीन महिन्यांतच तेथील राजसत्ता कोसळली. तेव्हांपासून हें मत विशेष रूढ झालें. परंतु एका देशांतील सिद्धान्त दुसऱ्या देशाच्या इतिहासास लावण्यापूर्वीं त्या देशाचीं साधनें पाहिलीं पाहिजेत. दख्खन व वऱ्हाड या प्रांतांपुरता हा विचार येथें संक्षेपानें करावयाचा आहे.

मूळ प्रसंग सर्वविश्रुत आहे. हिजरी ६१ (इ. स. ६८०) च्या मोहरमच्या दहाव्या दिवशीं पैगंबरांचे नातू हुसेन हे करबला येथें मारले गेले. यजीदाच्या राज्याधिकारास मान्यता देण्याचें त्यांनीं नाकारलें होतें. अर्थात् त्यांच्यासाठीं शोक करणें म्हणजे यजीदाचा अधिकार अमान्य करणें, हा अर्थ या विधीस प्रथमपासूनच चिकटलेला आहे. संस्कृतज्ञांस यांत नवल वाटूं नये. क्रौंचवधाच्या प्रसंगीं वाल्मीकीच्या मुखांतून निघालेला पहिला श्लोक एकाच वेळीं विलापही आहे व निषादाचा धिक्कारही आहे. तथापि दुसरी बाजूही जुनीच. खलीफा मुतवक्किल यानें नवव्या शतकांत हुसेनांची कबर पाडविली, उलट इ. स. ९६३ मध्यें बुवैही वंशांतील मुइज्जुद्दौला यानें बगदादचे बाजार बंद ठेववून हाच शोक सरकारी हुकुमानें करविला. एका राजास जो विधि नकोसा, तोच दुसऱ्यास हवासा झाला.

दख्खनांत आरंभ या दुसऱ्या प्रकारानें झाला. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) पहिल्या बुऱ्हाण निजामशहानें शाह ताहिर याच्या उपदेशावरून इ. स. १५३७ मध्यें शिया पंथ राजधर्म केला. बारा इमामांच्या नांवाचा कोठला त्या नगरांत अद्याप आहे. इ. स. १५७४ त मुर्तजा निजामशहानें इमादशाही बुडविली व वऱ्हाड या राज्याखालीं आलें. मध्यंतरीं, १५८९ पासून, जमालखानानें महदवी मत चालविलें. परंतु १५९१ त आमच्याच वऱ्हाडांतील रोहिणखेडच्या लढाईंत तो पडला आणि दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानें शिया पंथ पुन्हां स्थापिला. या कालांत मोहरमाचा शोक हा सत्तेचा शब्द होता, सत्तेविरुद्धचा नव्हे. इ. स. १५९६ त चांदबिबीनें वऱ्हाड मोगलांस सोडून दिलें. ऐन-ए-अकबरींतील वऱ्हाड सुभ्याच्या यादींत 'योत-लोहारा' या नांवानें आमचें यवतमाळ दिसतें, तें या सत्तांतरानंतरचें होय.

खरा प्रश्न मोगली अंमलापासून उत्पन्न होतो. इ. स. १६३६ त शहाजहानानें गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाकडून करार लिहून घेतला. त्याअन्वयें खुतब्यांतून बारा इमामांचीं नांवें जाऊन तेथें चार खलीफांचीं व शहाजहानाचें नांव आलें. खुतबा बदलला; परंतु अब्दुल्लाच्या दरबारीं मोहरमाचे दहा दिवस पूर्ववत् पाळले जात होते आणि हैदराबादच्या बादशाही आशूरखान्यांत दिवे लागतच राहिले. येथें भेद ध्यानांत घ्यावा. खुतबा हा राजाच्या नांवाचा असतो, म्हणून तो तहाच्या कलमानें बदलतां येतो. शोक हा ज्याचा त्याचा असतो. त्यास कलम लागत नाहीं. निषेध म्हणावयाचा तर तो या मौनांत आहे.

वऱ्हाडच्या सीमेस लागून असलेल्या बुऱ्हाणपुरची हकीकत याच संदर्भांत पुष्कळदां सांगतात. इ. स. १६६९ त तेथें दोन पक्षांचे ताबूत समोरासमोर आले, चुरशीवरून शस्त्रें चाललीं, सुमारें पन्नास माणसें ठार व शंभर जखमी झालीं. तेव्हां औरंगजेबानें सर्व सुभ्यांत ताबूत काढण्याची मनाई केली, असें खाफीखान लिहितो. यावरून बुऱ्हाणपुरचे लोक बादशहाविरुद्ध उठले होते असें अनुमान काढणें चूक होय. भांडण आपसांतलें होतें. परंतु मनाईनंतर गोष्ट पालटली. काल जो रिवाज होता, तो आज काढणें म्हणजे हुकूम मोडणें झालें. तात्पर्य, निषेधाचा अर्थ विधीच्या अंगीं नेहमींच प्रकट नसतो; बंदी घालणारा हात तो अर्थ वर आणतो.

उलट पक्षीं, ज्या गांवीं शिया घर एकही नाहीं अशा वऱ्हाडी खेड्यांतही सवाऱ्या बसत आल्या, हिंदु घरांतून नवस बोलले गेले, मुलांस दहा दिवस फकीर करण्यांत आलें. त्यांत राजकारण शोधणें व्यर्थ. तेथें करबला ही आजाराची, लेकराची व पावसाची देवता होऊन बसली आहे. एकच ताबूत नगरांत सत्तेचा, बुऱ्हाणपुरीं मनाईचा आणि खेड्यांत नवसाचा असूं शकतो. कोणत्या ठिकाणीं तो कोणाचा, हें स्थळ व साल पाहूनच ठरवावें लागेल.

हें ठरविण्याचें साधन म्हणजे दखनी मर्सियांच्या वह्या व मोडी दफ्तरांतील खर्चाचे कागद. येथें माझा स्वतःचा अपराध सांगणें प्राप्त आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं या जिल्ह्यांतील एका घरीं पोथ्या पाहण्यास गेलों असतां संस्कृत पोथ्यांच्या गाठोड्यांत फारसी लिपींतली एक जीर्ण वही निघाली. मालक म्हणाले, "गुरुजी, ही पण घेऊन जा, आमच्या घरीं मोहरमांत ही वाचीत असत." मला ती लिपि येत नव्हती. मीं पोथ्या घेतल्या व वही तेथेंच ठेविली. पुढें लिपि जाणणाऱ्या एका स्नेह्यास घेऊन गेलों, तों ती रद्दीबरोबर गेली होती. त्या घरीं कोणाचा शोक, कोणत्या शब्दांत व कोणाच्या राज्यांत वाचला जात होता, हें आतां कळावयाचें नाहीं. संग्राहक बंधूंस एवढीच विनंति, कीं आपणांस वाचतां न येणारी वही प्रथम उचलावी.