घराची ऊब आणि पर्यावरणाची जाण : प्रस्तावना

युरोपीय महासंघात घराघरांत जी ऊर्जा वापरली जाते, तिच्यातला ६० टक्क्यांहून अधिक वाटा खोल्या उबदार ठेवण्यात जातो. मग हवामानबदलाची मनापासून चिंता करणारा माणूस हिवाळ्यात आपल्या घरातला हीटर खरोखर कमी ठेवतो का? या साध्या प्रश्नाभोवती गेल्या अर्धशतकात मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि स्थापत्य यांना एकत्र आणणारे एक अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे.

१९७०च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाचे रॉबर्ट सोकोलो आणि त्यांचे सहकारी न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स वसाहतीत इंधनाचा वापर मोजत होते. घरांची बांधणी एकसारखी, हवामानही तेच. तरी एका घरात दुसऱ्याच्या दुप्पट इंधन लागताना दिसे. राहणारे कुटुंब बदलले की त्याच घराचा वापरही बदले. इंधनाचा हिशेब केवळ भिंतींवर ठरत नाही, माणसांवरही ठरतो, हे तिथे स्पष्ट झाले. १९७८ मध्ये डनलॅप आणि व्हॅन लियर यांनी पर्यावरणविषयक दृष्टिकोन मोजण्याची प्रश्नावली मांडली आणि मनातली धारणा व हातातली कृती ताडून पाहण्याचे एक साधन अभ्यासकांना मिळाले.

ही तुलना सर्वांत बोलकी ठरली ती आंद्रेयास डीकमान आणि पेटर प्राइझेनड्योर्फर यांच्या बर्न व म्युनिक येथील पाहणीत. हिवाळ्यात चार तासांहून अधिक काळ बाहेर जाताना तुम्ही हीटर बंद किंवा कमी करता का, असे त्यांनी विचारले. म्युनिकमध्ये ‘हो’ म्हणणारे कितीतरी जास्त निघाले. याचे कारण पर्यावरणप्रेमात नव्हते, बिलात होते. म्युनिकमध्ये प्रत्येक घराला आपल्या वापराप्रमाणे पैसे भरावे लागत. बर्नमध्ये बहुतेक इमारतींत खर्च सर्वांत वाटला जाई. यातून त्यांनी मांडलेले गृहीतक आजही चर्चेत आहे : जिथे पदरमोड आणि गैरसोय थोडी, तिथे धारणा माणसाकडून कृती करवून घेते; झळ वाढली की तिचा जोर ओसरतो.

पुढचे संशोधन आणखी खोलात गेले. एलिझाबेथ शोव्ह यांनी २००३ च्या ग्रंथात दाखवले की ‘आरामदायी’ तापमान ही कल्पनाच समाज आणि तंत्रज्ञान मिळून घडवतात. २०१२ मध्ये मिना सुनिक्का-ब्लांक आणि रे गॅल्विन यांना आढळले की जर्मनीतील घरांत गणिताने काढलेल्या गरजेपेक्षा सरासरी ३० टक्के कमी ऊर्जा वापरली जाते, आणि घरातून उष्णता जितकी अधिक निसटते तितकी ही तफावत मोठी. कमी वापरामागे दर वेळी पर्यावरणाची आस्था असते असे नाही. कित्येकदा तिथे गारठा सोसणारे गरीब कुटुंब असते. हा भेद न करणारा अभ्यास अन्यायकारक ठरतो.

महाराष्ट्रात खोल्या तापवण्याची गरज क्वचितच पडते, पण एसीच्या रिमोटपुढे प्रश्न तोच आहे. १ जानेवारी २०२० पासून भारतात नव्या एसीचे आधीच ठरवून दिलेले (डिफॉल्ट) तापमान २४ अंशांवर ठेवणे उत्पादकांना बंधनकारक झाले, ते सवयीचे बळ ओळखूनच.

या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याला एवढीच विनंती : लोकांना ‘पर्यावरणाची काळजी वाटते का’ हे जरूर विचारा, पण बिल कोण भरते, घर कोणाच्या मालकीचे आहे आणि घरात आजारी किंवा वृद्ध कोणी आहे का, हे त्याआधी विचारा.