फेऱ्याच्या पोटात फेरा

अंगणात खडूनं चौकटी आखायच्या, एका पोराला ‘रोबो’ करायचं आणि बाकीच्यांनी हुकूम सोडायचे: दोन घरं पुढे, उजवीकडे वळ, पुन्हा दोन घरं. रोबो भिंतीशी जाऊन थडकला, तर कुठला हुकूम चुकला ते शोधायचं. संगणकाविना कोडिंग शिकवणाऱ्या या खेळाचं कूळ लोगो या प्रोग्रॅमिंग भाषेपाशी पोचतं. सेमूर पेपर्ट, वॉली फर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती 1967 मध्ये अमेरिकेत घडवली. पुढे तिच्या हुकमावर जमिनीवरून सरकत रेघ ओढणारं यांत्रिक कासव आलं. कासवाकडून वर्तुळ कसं काढून घ्यावं, असं मुलानं विचारलं, तर पेपर्ट यांचं उत्तर असे की आधी स्वतः चालून बघ. थोडं पुढे, किंचित वळायचं, पुन्हा तेच. पायांना उमगलेलं मग कासवाला सांगायचं.

नागपूरच्या शिक्षकाला मात्र याहून जवळचा आणि जुना पूर्वज आहे, वर्ध्यात. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं तिथे शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन समितीनं अभ्यासक्रम आखला, आशादेवी आणि आर्यनायकम यांनी सेवाग्रामात नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण, उभी केली. साडेपाच तासांच्या शाळेत हस्तोद्योगाला 3 तास 20 मिनिटं. गणित, संगीत आणि चित्रकला मिळून 40 मिनिटं. गणिताची उपेक्षा झाली असं वाटेल, पण ते टकळीवरच चालू असे.

सूत गुंडाळायच्या चौकटीचा एक फेरा चार फुटांचा. ती एक तार. 160 तारांची लटी, चार लटींची गुंडी. म्हणजे 160 वेळा हात फिरव, लटी बांध. हे सगळं चार वेळा कर, गुंडी उतरव. फेऱ्याच्या पोटात फेरा! प्रोग्रॅमिंगच्या वर्गात ‘नेस्टेड लूप’ म्हणतात तो हाच, आणि मुलं तो मनगटानं शिकत होती. 640 तारा म्हणजे 2560 फूट, 853 वारांच्या थोडं वर. गिरणीच्या सुताची लडी 840 वारांची, तिच्या अगदी जवळ. मग वजन करून सुताचा अंक, म्हणजे बारीकपणाचा आकडा, काढायचा. भागाकार इथे खऱ्या गरजेपोटी येई.

एक गोष्ट मला खटकते. मुलांच्या सुतातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा कोवळ्या हातांना जड होती. खडूच्या चौकटीतल्या रोबोवर तसलं ओझं नाही, त्याला हवं तितकं चुकता येतं. गुंडीही तशीच, विक्रीचा विचार न करता, मुलांकडून एकदा भरून घ्यावी. ती तोकडी आली तर 640 तारा पुन्हा मोजाव्या लागत नाहीत. लटी वेगवेगळ्या बांधलेल्या असतात. कमी भरलेली तेवढी सोडायची आणि तिच्याच तारा मोजायच्या.